ट्रोलिंगसाठी हाताने बांधलेल्या फ्लाय: मासा धडकतो, पण गळाला लागत नाही

क्रेडिटकाठी यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

मी मिसिसागात राहतो आणि गेल्या तीन उन्हाळ्यांपासून एका सहकाऱ्याच्या १९ फुटी बोटीवरून ऑन्टारियो सरोवरात सॅल्मन आणि स्टीलहेड (मोठ्या पाण्यात वाढणारा रेनबो ट्राउट) गरवायला जातो. पोर्ट क्रेडिटला पहाटे बोट पाण्यात सोडायची, किनारा मागे पडला की दोर डाउनरिगरच्या शिशाच्या गोळ्याला अडकवून हव्या त्या खोलीवर (जुलैमध्ये साठ-सत्तर फुटांवर) उतरवायचा आणि ताशी सव्वादोन-अडीच मैलांच्या वेगाने बोट चालवत राहायची, असा आमचा क्रम असतो. चालत्या बोटीमागे गळ ओढण्याच्या या रीतीलाच ट्रोलिंग म्हणतात. दोराच्या टोकाला आठ इंची फ्लॅशर, म्हणजे पाण्यात गरगरणारी चमकती पाटी, आणि त्याच्यामागे लीडरने, म्हणजे दोराच्या वेगळ्या तुकड्याने, बांधलेली फ्लाय असते. ज्यांनी ही वस्तू पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो, की नाव फ्लाय असले तरी ती माशीसारखी अजिबात दिसत नाही. ती दिसते मुंडावळ्यांच्या टोकाला लोंबणाऱ्या जरीच्या गोंड्यासारखी, आणि पाण्यात तिने एलवाइफ नावाच्या लहान माशाचे सोंग घ्यावे अशी अपेक्षा असते. एलवाइफ हा आपल्या तारलीच्या भावकीतला चंदेरी मासा असून इथल्या चिनुक सॅल्मनचे पोट मुख्यतः त्याच्यावरच भरते.

गेल्या हिवाळ्यात मी विकतच्या फ्लायना रामराम ठोकला आणि जेवणाच्या टेबलाला व्हाइस (वस्तू घट्ट धरून ठेवणारा शिकंजा) लावून स्वतःच डझनभर फ्लाय बांधल्या. सव्वा इंच लांबीची कडक प्लास्टिकची नळी, तिच्यावर मेण लावलेला नायलॉनचा दोरा, त्यात बांधलेले हिरव्या आणि चंदेरी मायलरचे (चमकत्या प्लास्टिकचे) पाच इंच लांबीचे धागे, नळीच्या मागे तीन मणी आणि त्यानंतर तीन आकड्यांचा (एकाच दांडीला तीन टोके असलेला) गळ, अशी माझी कृती आहे. गोंडा भरदार दिसावा म्हणून धागे मी सढळ हाताने घेतले. लीडर २० पौंडी फ्लुओरोकार्बनचा आणि ३६ इंच लांब ठेवला, कारण सॅल्मनची नजर तीक्ष्ण असते आणि जाड दोर पाहून तो बिचकतो, असे माझ्या वाचनात आले होते.

जुलैमधल्या दोन फेऱ्यांचा हिशेब मी वहीत टिपून ठेवला आहे. माझ्या रॉडवर नऊ वेळा मासा धडकला आणि त्यांतला एकच बोटीत आला. शेजारच्या रॉडवर सहकाऱ्याची विकतची, जवळपास त्याच रंगाची फ्लाय होती. तिच्यावर सहा धडकांत चार मासे आले. माझ्या रॉडचे टोक दोनदा-तीनदा हलायचे, दोर गोळ्यापासून सुटायचा आणि मी रॉड हातात घेईपर्यंत पलीकडे कोणीच नसायचे. त्यातच तीन फ्लायचा गोंडा नळीवर गरकन फिरला आणि चौथ्या फ्लायचा तर नळीवरून पूर्ण निसटून आला.

रंगात काही चूक आहे का, धागे कमी-जास्त झाले आहेत का, की गळ बदलायला हवा, हे मला समजत नाही. शिवाय एकही स्टीलहेड अद्याप मिळालेला नाही. त्याच्यासाठी वेगळी फ्लाय बांधावी लागते का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

लाटांचा हिशेब यांचा प्रतिसाद

आपण वही ठेवलीत हे फार चांगले केलेत, कारण नऊ धडका मिळाल्या याचा अर्थ रंग, खोली आणि वेग या तिन्ही गोष्टी मासा आकर्षित होण्यापुरत्या ठीक होत्या. मी मिशिगन सरोवराच्या पूर्व किनाऱ्यावर वीसेक वर्षे हा उद्योग करत आहे आणि सुरुवातीच्या दोन वर्षांत मी नेमक्या याच चुका केल्या होत्या. त्यामुळे पुढे जे लिहितो ते थोडे अधिकारवाणीचे वाटले, तर क्षमा असावी.

सर्वांत आधी लीडर बदला. फ्लायला स्वतःची चाल नसते. चमच्याला, म्हणजे धातूच्या बाकदार पत्र्याच्या आमिषाला, त्याच्या बाकामुळे चाल मिळते आणि प्लगला, म्हणजे माशाच्या आकाराच्या टणक आमिषाला, त्याच्या जिभेमुळे, पण गोंडा नुसता ओढला तर तो सरळ रेषेत मागून येतो. त्याला नाचवण्याचे काम फ्लॅशरचे. फ्लॅशर गोल फिरताना लीडरचे पुढचे टोक वर्तुळात फिरवतो आणि लीडर जर आखूड आणि ताठ असेल, तर तो झटका फ्लायपर्यंत पोहोचतो. ती एका बाजूला झेपावते, क्षणभर थबकते, पुन्हा झेपावते. आपला २० पौंडी लीडर मऊ आहे आणि ३६ इंच म्हणजे आठ इंची फ्लॅशरच्या साडेचार पट होतात. फ्लॅशरने दिलेला झटका त्या लांबीत वाटेतच जिरतो आणि फ्लाय आळसावलेल्यासारखी मागे येत राहते. चिनुक तिच्यामागे येतो, शेपटाला तोंड लावून पाहतो आणि सोडून देतो. म्हणून आठ इंची फ्लॅशरमागे ४० ते ५० पौंडी लीडर २० ते २४ इंच ठेवावा. फ्लॅशरच्या लांबीची अडीच ते तीन पट हे साधे माप लक्षात ठेवले तरी पुरते. डॉजर (फ्लॅशरसारखीच दुसरी चमकती पाटी) वापरत असाल तर लीडर आणखी आखूड, म्हणजे १२ ते १८ इंच लागतो, कारण डॉजर गोल न फिरता नुसता दोन्ही बाजूंना डुलतो आणि त्याचा झटका मुळात सौम्य असतो. फार आखूड करण्यातही धोका आहे. पंधरा इंचांवर फ्लॅशरमागची फ्लाय इतकी वेडीवाकडी उडते, की माशाचा नेम चुकतो.

जाड दोर पाहून सॅल्मन बिचकतो, ही गोष्ट नदीच्या निवळ, उथळ पाण्यात खरी असेल. सत्तर फूट खोल अंधूक उजेडात, पुढे आठ इंची चमकती पाटी गरगरत असताना, तो दोराची जाडी मोजत बसत नाही.

दुसरा मुद्दा गळाच्या जागेचा, आणि माझ्या मते आपल्या आठ माशांपैकी बहुतेक इथेच निसटले. एक फ्लाय हातात घ्या, नळातून धार सोडून भिजवा आणि लीडरला धरून उभी लोंबती ठेवा. भिजलेले धागे खाली एकत्र येतील. आता गळाची टोके धाग्यांच्या शेवटापासून किती वर राहतात ते पट्टीने मोजा. सव्वा इंच नळी, तीन लहान मणी आणि नंतर गळ, असा आपला हिशेब धरला तर पाच इंची धाग्यांचे शेवटचे इंच-दीड इंच गळाच्या पलीकडे लोंबत असणार. मागून येणारा मासा तेवढेच तोंडात घेतो आणि त्याच्या दातांत फक्त मायलर येते. धागे साडेतीन ते चार इंचांवर आणा आणि मणी वाढवून गळ इतका मागे ढकला, की त्याची टोके गोंड्यातून जेमतेम डोकावतील. मण्यांचे खरे काम शोभेचे नाही, तर गळाला अंतर देण्याचे आहे. सहा मिलिमीटरचे पाच किंवा सहा मणी बहुतेक वेळा पुरतात. तरी प्रत्येक फ्लाय भिजवून पाहिल्याशिवाय डब्यात टाकू नये.

तिसरे म्हणजे गोंड्याचा भरदारपणा. दुकानात फ्लाय भरदार दिसली की ग्राहक खूश होतो, पण माशाला त्याचे काही नसते. दाट गोंड्यात पाणी शिरत नाही, धागे सुटे होऊन लवलवत नाहीत आणि सगळा गोंडा ब्रशसारखा ताठ राहतो. भिजवून दोन बोटांत पिळल्यावर तो साध्या पेन्सिलीहून जाड लागला, तर धागे जास्त झाले असे खुशाल समजा आणि आतून थोडे कापून काढा.

रंगाचा क्रमांक त्यानंतर येतो. पाण्यात लाल आणि नारिंगी रंग वरच्या थरातच विझतात, हिरवा आणि निळा त्यांच्या मानाने खोलवर टिकतात. त्यामुळे साठ-सत्तर फुटांवर हिरवी-चंदेरी फ्लाय ही अगदी योग्य निवड आहे. पहाटेच्या पहिल्या तासात टॉर्चच्या उजेडाने भारलेली, अंधारात उजळणारी पट्टी फ्लॅशरवर असली तर फायदा होतो, एवढेच सांगेन. एकाच रंगाच्या दोन फ्लाय असून सहकाऱ्याला मासे मिळाले आणि आपल्याला नाही, हे आपणच लिहिले आहे. त्यात रंगाच्या शंकेचे उत्तर आले.

थोडे विषयांतर करतो. या सरोवरांतला चिनुक आणि कोहो (हीही सॅल्मनचीच एक जात) हा मुळात प्रशांत महासागराकाठचा मासा आहे. कालव्यांतून शिरलेल्या, माशांचे रक्त शोषणाऱ्या लॅम्प्रीने आणि अतोनात मासेमारीने मिशिगन सरोवरातला लेक ट्राउट संपत आणला, खाणारा कोणी न उरल्यामुळे एलवाइफ बेसुमार वाढला आणि मरून किनाऱ्यावर त्याचे ढीग लागू लागले. तेव्हा मिशिगन राज्याच्या मत्स्यविभागाचे प्रमुख हॉवर्ड टॅनर यांनी ओरेगनहून कोहोची अंडी आणवली आणि १९६६ साली त्यांची पिल्ले प्लॅट नदीत सोडली. पुढच्याच वर्षी चिनुक आला. म्हणजे आपण ज्या माशाला फसवण्यासाठी गोंडे बांधतो, तो एलवाइफ खाण्यासाठीच इथे आणला गेला होता. गोंड्याची लांबी एलवाइफच्या लांबीशी जुळवण्यामागचे कारण हेच आहे, आणि वसंतात आखूड व ऑगस्टमध्ये लांब फ्लाय चालते असे जुने लोक सांगतात, त्याचे मूळही तेच असावे असे मला वाटते.

उलटा काटा यांचा प्रतिसाद

वरील प्रतिसादातील लीडरविषयीचे सर्व मुद्दे मान्य आहेत, परंतु तीन आकड्यांच्या गळाबद्दल त्यांनी काहीच आक्षेप घेतला नाही याचे आश्चर्य वाटले. माझ्या मते त्या गळाला फ्लायमध्ये जागाच नसावी. त्याचे आकडे लहान असतात, वीस पौंडांचा चिनुक डोके हलवू लागला की ते तरफेसारखे उलटतात आणि तोंडातून उपटून येतात. त्याऐवजी लीडरवरच स्नेल गाठीने एकामागे एक असे दोन एकेरी गळ बांधावेत. पुढचा गोंड्याच्या आत दडलेला आणि मागचा गोंड्याच्या शेवटाला. एकेरी गळाचे तोंड रुंद असल्यामुळे जबड्याच्या कोपऱ्यात तो खोल बसतो. शिवाय लहान मासा सोडून द्यायचा असेल, तर तीन आकडे जाळीत, माशात आणि स्वतःच्या अंगठ्यात एकाच वेळी अडकल्यावर जो प्रसंग उभा राहतो, तो मी डाव्या हातावर तीन टाके घालून भोगला आहे.

रंग शेवटी बघावा, हे मतही मला पूर्ण पटत नाही. ऑगस्टच्या उत्तरार्धात चिनुक नदीच्या तोंडाशी गोळा होऊन खाणे कमी करतो, तेव्हा तो भुकेने नव्हे तर चिडून चावतो, आणि त्या दिवसांत फक्त रंग बदलल्यावर रॉड वाकल्याचे मी अनेकदा अनुभवले आहे. जुलैसाठी मात्र त्यांचे म्हणणे योग्य आहे.

गोंडेवाली यांचा प्रतिसाद

क्रेडिटकाठी दादा, आपला गोंडा नळीवर का फिरला, या प्रश्नाकडे कोणीच वळले नाही, म्हणून लिहिते. मी शिकागोजवळ राहते. मासेमारी यजमान करतात आणि फ्लाय मी बांधते. लहानपणी आईबरोबर लोकरीची तोरणे केली होती, त्यामुळे गोंडा हा माझा हातखंडा विषय आहे.

प्लास्टिकची नळी गुळगुळीत असते आणि मायलर तिच्याहून गुळगुळीत, त्यामुळे दोरा कितीही आवळला तरी तो दोन निसरड्या वस्तूंच्या मध्ये राहतो. पहिली गोष्ट म्हणजे नळीचे पुढचे टोक लायटरच्या ज्योतीजवळ क्षणभर धरावे. ज्योतीत घालू नये, फक्त जवळ न्यावे. प्लास्टिक मऊ होऊन बाहेरच्या बाजूला बारीकशी कड वळते आणि या कडेमुळे दोरा पुढे निसटत नाही. वळलेल्या कडेने भोक बुजले नाही ना, हे लीडर ओवून लगेच पाहावे. त्यानंतर बांधायची अर्धा इंच जागा बारीक पॉलिश पेपरने खरवडावी आणि तिच्यावर आधी नुसत्या दोऱ्याचे वेढे शेजारी-शेजारी, दाट घालून एक पाया करावा. या पायावर गोंदाचा एक थेंब पसरला, की मगच धागे घ्यावेत.

धागे एका वेळी सगळे बांधले तर ते दोऱ्याबरोबर ओढले जाऊन एका बाजूला गोळा होतात. मी तीन जुड्या करते. पहिली जुडी वर ठेवून दोन सैल वेढे देते, बोटाने धागे नळीभोवती पसरवते आणि मग आवळते. नळी थोडी फिरवून दुसरी, पुन्हा फिरवून तिसरी. प्रत्येक जुडीचे धागे दुप्पट लांबीचे घेऊन मधोमध बांधावेत आणि पुढचा अर्धा भाग मागे दुमडून त्याच्यावरून पुन्हा वेढे द्यावेत. दुमड पडल्यामुळे धागा निसटायला वाटच राहत नाही. विकतच्या स्वस्त फ्लायमध्ये ही दुमड वाचवलेली असते, आणि आपल्या चौथ्या फ्लायचेही बहुधा हेच झाले असावे. शेवटी गाठ मारून डोक्यावर रेझिन लावावे. मी आधी नेलपॉलिश लावत असे, परंतु दोन चिनुकांच्या दातांनंतर त्याचे टवके उडतात.

आमच्याकडे सरोवराच्या दक्षिण टोकाला एप्रिल-मेमध्ये कोहो अगदी वरच्या पाण्यात येतो. त्याच्यासाठी दीड-दोन इंचांची छोटी फ्लाय लागते, जिला सगळे पीनट फ्लाय म्हणतात, आणि ती लहान नारिंगी डॉजरमागे १४ ते १८ इंचांवर बांधतात. नारिंगी रंग तिथे चालतो, कारण मासा पाच-दहा फुटांवरच असतो.

वेंगुर्लेकर यांचा प्रतिसाद

मी व्हँकुव्हर बेटावर, व्हिक्टोरियाजवळ राहतो. सरोवराचा अनुभव मला नाही, परंतु फ्लाय चालत्या बोटीमागे ओढण्याची आमच्याकडे वेगळी आणि जुनी रीत आहे, ती इथे सांगण्याजोगी वाटली.

उन्हाळा संपत आला की हुआन दि फुका सामुद्रधुनीत कोहो पृष्ठभागाजवळ लहान हेरिंग आणि सँड लान्स यांच्या थव्यांमागे लागतो. तेव्हा फ्लॅशर नाही, शिसे नाही, डाउनरिगर नाही. बोटीच्या पंख्याने उसळवलेल्या फेसाच्या जरा मागे, तीस-चाळीस फुटांवर, हरणाच्या शेपटीच्या केसांची लांब फ्लाय सोडतात आणि ती लाटांवरून घसरत, मध्येच उडी मारत येईल इतक्या वेगाने बोट हाकतात. याला इथे बकटेलिंग म्हणतात. कोहो खालून येतो आणि पाणी फोडून फ्लाय घेतो, तेव्हा रॉडकडे नव्हे तर पाण्याकडे पाहत बसावेसे वाटते. पूर्वी या फ्लाय ध्रुवीय अस्वलाच्या केसांच्या करत, कारण तो केस अर्धपारदर्शक असतो आणि पाण्यात चिकटून बसत नाही. आता त्या प्राण्याच्या अवयवांच्या व्यापारावर निर्बंध आहेत आणि कृत्रिम केस बरेच चांगले मिळतात, त्यामुळे जुन्या फ्लाय लोक चौकटीत लावून ठेवतात.

यातला आपल्या कामाचा भाग असा, की इथे फ्लायला चाल मिळते ती लाटांमुळे आणि बोटीच्या वेगामुळे. म्हणजे चाल देणारे काहीतरी बाहेर असावेच लागते, हा वरचा मुद्दा इथेही लागू पडतो. चिनुकसाठी आम्ही खोलवर ११ इंची फ्लॅशर वापरतो आणि त्याच्यामागे प्लास्टिकचा माकूल असतो. तेव्हा लीडर ३० ते ४० इंचांपर्यंत जातो. आपण ३६ इंच हा आकडा अशाच एखाद्या पश्चिम किनाऱ्यावरच्या लेखातून घेतला असण्याची शक्यता आहे. फ्लॅशर लहान झाला, पण लीडर तेवढाच राहिला.

उलटा काटा यांच्या म्हणण्याला एक जोड देतो. ब्रिटिश कोलंबियाच्या समुद्रात सॅल्मनसाठी उलटा काटा (मासा निसटू नये म्हणून गळाच्या टोकाजवळ असणारे उलटे टोक) नसलेलाच गळ वापरावा लागतो. सुरुवातीला मला वाटले होते, की निम्मे मासे निसटतील. दोर सतत ताणलेला ठेवला तर तसे होत नाही. ढिलाई केली की मात्र मासा गेलाच म्हणून समजा. माझे आजोबा होडीमागे सुरमईसाठी दोरी सोडत आणि ती पायाच्या अंगठ्याला गुंडाळून बसत. त्यांच्या गळाला काटा होता, तरी दोरी सैल सोडलेली त्यांना खपत नसे.

स्टीलहेडबद्दल मी काही सांगू शकणार नाही, कारण आमच्याकडे तो ट्रोलिंगला फारसा मिळतच नाही. तो नदीतून निघाला की किनाऱ्याजवळ न रेंगाळता थेट खोल महासागरात जातो आणि परत येतो तेव्हा आम्ही त्याला नदीतच गाठतो.

लाटांचा हिशेब यांचा प्रतिसाद

वेंगुर्लेकरांनी ३६ इंचांचे मूळ शोधून काढले, ते अगदी पटले. उलटा काटा यांचा एकेरी गळांचा आग्रहही मी मान्य करतो. मी स्वतः दोन्ही वापरतो आणि सोडून द्यायचे मासे जास्त असतील त्या दिवशी एकेरीच लावतो.

राहिला स्टीलहेडचा प्रश्न. हा मासा म्हणजे मोठ्या पाण्यात जाऊन वाढणारा रेनबो ट्राउटच. तो या सरोवरांत सॅल्मनच्या कितीतरी आधी आला. कॅलिफोर्नियातल्या मॅकक्लाउड नदीतून १८७६ साली आणलेली पिल्ले मिशिगनच्या ओ सेबल नदीत सोडली होती. इथेही त्याची खोड तीच आहे, जी वेंगुर्लेकरांनी सांगितली: उन्हाळ्यात तो किनारा सोडून दूर जातो. फरक इतकाच, की आपले सरोवर बोटीच्या आवाक्यात आहे. आपण जुलैमध्ये साठ-सत्तर फुटांवर, चिनुकला आवडणाऱ्या १० ते १३ अंश सेल्सिअसच्या थंड थरात फ्लाय ओढत होतात आणि स्टीलहेड त्या वेळी आपल्या डोक्यावरून, वरच्या वीस-तीस फुटांतून फिरत होता. त्याच्यासाठी किनाऱ्यापासून आणखी दूर, दोन-तीनशे फूट खोल पाण्यावर जावे लागते आणि पृष्ठभागावर जिथे फेस, पाने आणि किडे यांची लांब रेघ जमलेली दिसते किंवा जिथे पाण्याचे तापमान थोड्या अंतरात झपकन बदलते, तिथे फिरावे लागते. त्या रेघेत अडकलेले किडे तो आवडीने खातो. म्हणजे फ्लायचा माशीशी संबंध नाही, हे आपले विधान चिनुकपुरते खरे धरू आणि स्टीलहेडला त्यातून वगळू.

फ्लाय बांधताना गोंडा दोन-अडीच इंचांचा, विरळ आणि नारिंगी किंवा गुलाबी छटेचा ठेवा, कारण त्या खोलीवर हे रंग शाबूत असतात. ती लहान डॉजरमागे १४-१५ इंचांवर बांधा, तीन ते पाच रंगांच्या लेडकोर (आत शिसे असलेल्या) दोरावर, पाण्यावर तरंगत दोर बाजूला नेणाऱ्या बोर्डाच्या साहाय्याने बोटीपासून बाजूला सोडा आणि वेग पावणेतीनपर्यंत न्या. या दोराचा रंग दर दहा यार्डांना बदलतो, त्यामुळे किती सोडला ते रंग मोजून कळते. खरे सांगायचे तर स्टीलहेडसाठी मी फ्लायपेक्षा नारिंगी चमचा अधिक विश्वासाने लावतो, पण आपण बांधलेल्या फ्लायवर तो मिळाल्याची गोडी वेगळी, हे मान्य आहे. रीळचा ब्रेक सैल ठेवा. गळ लागताच तो हवेत उडतो आणि घट्ट दोरावर पहिल्याच उडीत निसटतो.

क्रेडिटकाठी यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री उरलेल्या फ्लाय स्वयंपाकघराच्या नळाखाली धरून मोजल्या. गळाची टोके धाग्यांच्या शेवटापासून एका फ्लायवर सव्वा इंच आणि दुसरीवर पावणेदोन इंच वर निघाली. सहकाऱ्याची विकतची फ्लाय मागवून तीही मोजली, तर तिच्यात गळ गोंड्याबाहेर सुताएवढा डोकावत होता आणि लीडर बरोबर बावीस इंच होता. तीन उन्हाळे त्या बोटीवर शेजारी बसूनही मी हे पाहिले नव्हते, याची थोडी लाज वाटली. आणखी एक गोष्ट दिसली: माझ्या ज्या फ्लायवर धडका बसल्या होत्या, तिचे धागे शेवटच्या इंचातच चुरगळलेले आणि तुटलेले आहेत, नळीजवळ मात्र ते नव्यासारखे आहेत.

गोंडेवाली ताईंच्या पद्धतीने नळीची कड वळवून आणि धागे दुमडून सहा फ्लाय नव्याने बांधल्या. पहिल्या दोन नळ्या ज्योतीत जास्त गेल्यामुळे वितळून बंद झाल्या. तीन फ्लायना तीन आकड्यांचा गळ आणि तिघींना दोन एकेरी गळ लावले आहेत, म्हणजे वहीत दोन्हींचा हिशेब वेगळा ठेवता येईल. येत्या रविवारी जाण्याचा बेत आहे. गेले दोन दिवस इथे जोराचा पश्चिमेचा वारा आहे. त्याचा खोलीवर काही परिणाम होईल का?

लाटांचा हिशेब यांचा प्रतिसाद

होईल, आणि बराच होईल. आपण उत्तर किनाऱ्यावर आहात. पश्चिमेचा वारा दोन-तीन दिवस टिकला की वरचे उबदार पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलले जाते आणि त्याच्या जागी खालचे थंड पाणी वर येते. पूर्वेचा वारा याच्या उलट करतो. त्यामुळे गेल्या वेळी सत्तर फुटांवर सापडलेला थंड थर रविवारी तीस-चाळीस फुटांवर आणि किनाऱ्याच्या बराच जवळ असू शकतो. गोळा सवयीने सत्तरवर सोडू नका. तापमान मोजायचा काटा आधी दहा-दहा फुटांनी खाली उतरवून पाहा, थर कुठे आहे ते ठरवा आणि पहिल्या दोन फ्लाय त्याच्या थोड्या वर ठेवा. पाण्यात सोडण्यापूर्वी प्रत्येक फ्लाय बोटीच्या कडेला फ्लॅशरसकट दोन मिनिटे ओढून तिची चाल डोळ्यांनी पाहून घ्या. ती झेपावून थबकत नसेल, तर लीडर दोन इंचांनी कमी करा.




गोंडेवाली यांचा प्रतिसाद

दादा, नळीच्या दोन तुकड्यांवर निभावलात. माझे पहिल्या दिवशी अकरा गेले होते. पुढच्या वेळी लायटरऐवजी मेणबत्ती वापरा, दोन्ही हात मोकळे राहतात.